जन्मस्थानाचा रकाना

गाय साडेनऊला येणार होती ती दहाला आली, आणि आल्यावर नव्या घराच्या उंबऱ्यापाशी जी अडून उभी राहिली ती हलेना. सेलिना गावच्या शेतावरून तिला ट्रेलरमध्ये घालून आणणारा डेल नावाचा उंच गोरा माणूस टोपी हातात धरून बाजूला उभा होता. त्याच्या मते गायीला चकचकीत फरशीची भीती वाटत होती. सुभद्रम्मांच्या मते तिला माणिक्यांबांची भीती वाटत होती.

"वदिनगारू, तिला पुढून ओढू नका," सुभद्रम्मा स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या. त्यांचे हात मनगटापर्यंत उडदाच्या पिठात होते. "मागून थोपटा जरा, प्रेमाने."

"थोपटायला ती काय तुमची नात आहे?" माणिक्यांबा दोर न सोडता म्हणाल्या. "आमच्या तेनालीच्या घरात बारा गायी होत्या. गाय आत कशी घ्यायची हे मला काकिनाड्याच्या माणसांनी शिकवू नये."

दोघी विहिणी बावीस वर्षं एकमेकींना वदिनगारू, म्हणजे वहिनीबाई, म्हणत आल्या होत्या. त्या एका शब्दात साखर किती आणि मिरची किती, हे ज्याचं त्याने ओळखायचं. या वास्तुशांतीसाठी दोघीही सहा महिन्यांच्या व्हिसावर टेक्ससमधल्या फ्रिस्कोला आल्या होत्या आणि गेले तीन आठवडे एकाच खोलीत झोपत होत्या. त्यामुळे अलीकडे मिरची जरा वाढलीच होती.

शेवटी लास्या आली. रेशमी लंगा-वोणी म्हणजे परकर-ओढणी, केसांत मोगरा, आणि पायात पळायचे बूट. तिने गायीसमोर एक केळं धरलं आणि उलटं चालत चालत दिवाणखान्यात गेली. गाय निमूटपणे मागोमाग आली, तिने नव्या फरशीवर शेण टाकलं, आणि जमलेल्या तीस-पस्तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा, माझ्या नातीचं ऐकलं," सुभद्रम्मा म्हणाल्या.

"आमच्या घरचं रक्त आहे," माणिक्यांबा म्हणाल्या.

बिंदूने नव्या चुलीवर दूध ठेवलं. ते फसफसत वर आलं तसा डेल बिचारा घाबरून चूल बंद करायला धावला, आणि सगळे एकदम त्याच्यावर ओरडले. दूध पूर्वेच्या बाजूने उतू गेलं. धुराची घंटा ठणाणा वाजू लागली. लग्नानंतर पहिल्यांदाच धोतर नेसलेला बिंदूचा नवरा फणींद्र एका हाताने निऱ्या आणि दुसऱ्या हाताने खुर्ची सावरत ती बंद करायला वर चढला. सुभद्रम्मांनी लेकीकडे पाहिलं. बिंदू हसत होती, डोळे पुसत होती, आणि दोन्ही एकाच पदराने करत होती. सतरा वर्षं भाड्याच्या घरांत दूध तापवलं, पण ते उतू जाऊ द्यायची मुभा आज मिळाली होती.

पुरोहितांना त्याच मुहूर्तावर शेजारच्या प्रॉस्पर गावात आणखी एक घर होतं. "बाराला येतो, सत्यनारायणाची तयारी ठेवा," असं सांगून ते गाडीत बसले. मग दीड तास मोकळा होता, कॉफी होती, इडल्या होत्या, आणि सुभद्रम्मांच्या गारेलूंचा, उडदाच्या वड्यांचा, पहिला घाणा निघायचा होता.

स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसता ओटा होता. सुभद्रम्मांना अमेरिकेतली ही एक गोष्ट मनापासून आवडायची. वडे तळता तळता सगळ्यांचं बोलणं ऐकू येतं, आणि आपण ऐकतोय असं कुणाला वाटत नाही.

"अन्नय्या, ग्रीन कार्ड हातात नसताना घर घेतलंस, धाडसच म्हणायचं," प्रसूना म्हणाली. ही फणींद्रची मावसबहीण. इंजिनियरांच्या याचिका तयार करणाऱ्या वकिलांकडे ती कामाला होती आणि फणींद्रची फाईल तिला तोंडपाठ होती.

"कार्डाची वाट बघत थांबलो असतो तर वास्तुशांत आणि माझं वर्षश्राद्ध एकाच दिवशी उरकावं लागलं असतं," फणींद्र म्हणाला.

"शुभ दिवशी काय बोलतोस!" माणिक्यांबांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

तो हसण्यावारी नेत होता, पण खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनीने सरकारला लिहून द्यायचं, की या माणसासारखा पुलांची गणितं करणारा आम्हाला इथे मिळत नाही, याला कायमचा राहू द्या. फणींद्रच्या पहिल्या कंपनीने तसं लिहून दिलं त्याला चौदा वर्षं झाली. नव्या कंपनीने नव्याने लिहून दिलं, तेही गेल्या महिन्यात मंजूर झालं आणि जुनी तारीख तशीच टिकली. पण मंजूर होणं म्हणजे नुसतं रांगेत उभं राहणं. रांग पुढे सरकायला हवी होती, आणि त्यांची रांग मुंगीच्या पावलाने चालली होती. मुलं आईबापांच्या अर्जात एकविसाव्या वर्षापर्यंतच बसतात. लास्या तिसऱ्या वर्षी या देशात आली, अजून ती विसाची होती, आणि नोव्हेंबरात तिला एकवीस पूर्ण होणार होती. त्या दिवशी ती बापाच्या अर्जातून गळणार होती. मग वेगळा व्हिसा, वेगळी रांग, किंवा ज्या देशाची तिला धड आठवणही नाही तिथे परत. या घरात 'नोव्हेंबर' हा शब्द कुणी काढत नसे.

"गेल्या आठवड्यात आमच्याकडे काय झालं माहितीय का?" प्रसूना सांगत होती. "वरंगळचा एक माणूस, बारा वर्षं रांगेत. सहज गप्पा मारताना त्याची बायको म्हणाली, माझा जन्म कुवेतचा, वडील तिकडे नोकरीला होते. आमच्या वकीलबाई खुर्चीतून उठल्याच. अहो, ही रांग जन्माच्या देशाप्रमाणे लागते! नागरिक कुठले आहात याला कोण विचारतंय? आणि नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असला, तर अख्खं घर त्या देशाच्या रांगेत जातं. कुवेतच्या रांगेत कुत्रंसुद्धा नाही. भरला अर्ज लगेच."

"माझं नशीब बघ," फणींद्र म्हणाला. "मी तेनालीचा आणि बायको काकिनाड्याची. बायको करताना जरा लांबची बघायला हवी होती."

सगळे हसले. सुभद्रम्मांच्या हातातला, मधे भोक पाडलेला वडा तेलात पडायचा तो ओट्यावर पडला.

त्यांनी आधी गॅस बारीक केला. मग आपण गॅस बारीक केला हे विसरून बंद केला. बिंदू काकिनाड्याची नव्हती.

एक्क्याऐंशी साल. त्यांचे यजमान विश्वनाथम झांबियाच्या तांब्याच्या खाणीत विजेचे इंजिनियर होते आणि सुभद्रम्मा त्यांच्याबरोबर लुआन्शा नावाच्या गावात राहत होत्या. सातव्या महिन्यात पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, विमानात बसायचं नाही. इकडे आंध्रात द्राक्षारामला विश्वनाथमांच्या आईने फर्मान काढलं होतं, की पहिलं बाळंतपण माहेरी झालं पाहिजे आणि पोर समुद्रापलीकडे जन्मता कामा नये, नाहीतर तिला घरात घेणार नाही. ती बाई बोलेल तसं करणारी होती. तिच्यापुढे विश्वनाथम, ज्यांच्या हुकमावर खाणीत तीनशे माणसं उतरत, एखाद्या शाळकरी पोरासारखे व्हायचे. त्यांनी पत्र लिहिलं, 'सुभद्रा काकिनाड्यास माहेरी सुखरूप पोचली.' महिन्याभराने दुसरं लिहिलं, 'कन्यारत्न झाले.' चार महिन्यांची पोर घेऊन ते रजेवर आले तेव्हा सुभद्रम्मांच्या आईने ओळखीच्या कारकुनाला गाठून नगरपालिकेत काकिनाड्याची नोंद करून घेतली. दोन साक्षीदार उभे केले की त्या काळी भागायचं. त्या नोंदीवरून शाळेचा दाखला झाला, दाखल्यावरून पासपोर्ट, पासपोर्टावरून व्हिसा. सासूच्या धाकाने लिहिलेली दोन ओळींची थाप सरकारदरबारी एकेक शिक्का गोळा करत अमेरिकेपर्यंत आली होती. सासू जाऊन तीस वर्षं झाली. खोटं सांगायचं कारण गेलं, खोटं मात्र घरातल्यासारखं राहिलं.

बिंदूला कधी सांगितलं नाही. आधी ती लहान होती, मग तिचं लग्न ठरत होतं, मग ते झालं होतं. आणि आता सांगायचं ते कुणासमोर? माणिक्यांबांसमोर, ज्या उठता बसता म्हणत, आमच्या घरात एक वेळ उपास चालेल पण खोटं चालत नाही.

तेवढ्यात त्यांच्या मनात दुसरा विचार आला. चौदा वर्षं. ही रांग दुसरी असती तर कार्ड दहा वर्षांपूर्वीच हातात आलं असतं. सहा वर्षांपूर्वी विश्वनाथम गेले तेव्हा बिंदूच्या व्हिसाचा शिक्का संपला होता. गेलीस तर परत कधी येशील सांगता येत नाही, असं वकील म्हणाला, आणि घरात चौदा वर्षांची लास्या होती. बापाच्या चितेला अग्नी दिलेला लेकीने फोनवर पाहिला. तेव्हा सुभद्रम्मांनीच तिची समजूत घातली होती, की कागदापुढे कुणाचं काय चालतं. कोणता कागद, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

"अम्मम्मा, वडे कुठे?" लास्या ओट्यावर कोपरं टेकून विचारत होती. "डेलला तिखट चालेल म्हणतोय. मी त्याला आवकाय लोणचं पण देणार आहे."

"देते हं, राणी. तू प्रसूनाला पाठव जरा इकडे. डाळींचा डबा वर आहे, माझा हात पुरत नाही."

प्रसूना कोठीच्या खोलीत आली. सुभद्रम्मांनी आत येऊन दार लोटलं.

"कुठला डबा?"

"राहू दे डबा. मला एक सांग. माझ्या ओळखीची एक बाई आहे, काकिनाड्यात."

"बरं."

"तिची मुलगी जन्मली एकीकडे आणि लिहिली गेली दुसरीकडे. म्हणजे कुणाचं वाईट करायला नाही. सासूच्या भीतीने."

"जन्मली कुठे?"

"आफ्रिकेत. झांबियात."

"आणि लिहिली काकिनाड्यात." प्रसूनाने कणकेच्या पिशवीला हात टेकला. "ती मुलगी आता इथे असते का, टेक्ससमध्ये?"

"हो, असते."

"आणि तिची आई, ही तुमच्या ओळखीची बाई, ती आत्ता गारेलू तळत होती का?"

सुभद्रम्मांनी पदराने कपाळ टिपलं, आणि कपाळाला उडदाचं पीठ लागलं.

प्रसूना आधी ओरडणार होती, मग नाचणार होती असं तिच्या तोंडावरून दिसलं, पण तिने दोन्ही आवरून त्यांचा हात धरला. "नीट ऐका. हे आपोआप होणार नाही. आधी वकीलबाई सगळं तपासतील. तिकडचा खरा जन्मदाखला लागेल. बिंदूवदिनाचा पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा लागेल. आजवर सगळीकडे काकिनाडा लिहिलंय, ते का लिहिलं हे काहीही न लपवता सांगावं लागेल. आणि तुम्हाला शपथेवर लिहून द्यावं लागेल, की मी आई, मी हे चुकीचं सांगितलं. पण नोव्हेंबरच्या आत अर्ज पोचला तर लास्याचं वय तिथेच धरलं जाईल. ती गळणार नाही."

"शपथपत्र काय, दगडावर कोरून देते मी. पण ते आधी बाहेर..." त्यांनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. "त्यांच्यापुढे?"

"मी सांगू का?"

सुभद्रम्मांनी क्षणभर विचार केला. मोह मोठा होता. "नको," त्या म्हणाल्या. "खोटं मी केलं. खरं सांगायला तुला कशाला पाठवू?"

त्या बाहेर आल्या. पाहुणे मागच्या अंगणात गायीचे फोटो काढत होते. दिवाणखान्यात घरचीच माणसं होती. फणींद्र सोफ्यावर धोतराशी झगडत होता, बिंदू चौरंगाला केळीचे खुंट बांधत होती, लास्या तिला दोरा देत होती, आणि माणिक्यांबा पूजेच्या सुपाऱ्या मोजून, बिंदूने आधीच मोजल्या असूनही, पुन्हा मोजत होत्या.

"बिंदू, हात थांबव. सगळ्यांनीच ऐका," सुभद्रम्मा म्हणाल्या. आवाज एवढा मोठा निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "तू काकिनाड्यात जन्मलेली नाहीस. तू झांबियात जन्मलीस. लुआन्शात, खाणीच्या दवाखान्यात. द्राक्षारामच्या तुझ्या आजीला आम्ही खोटं कळवलं आणि मग तेच खोटं सगळीकडे चढलं. प्रसूना म्हणते, त्याने तुमची रांग बदलते. लास्या राहू शकते."

बाहेर गाय हंबरली.

सुभद्रम्मांनी एका दमात पुढचंही सांगून टाकलं, कारण थांबलं तर जमणार नाही हे त्यांना कळत होतं. "आणि मी हे आधी बोलले असते तर तुम्ही चौदा वर्षं लटकला नसता. तू नान्नांसाठी, बापाच्या शेवटच्या दर्शनाला, येऊ शकली असतीस. मला खरंच माहीत नव्हतं गं, की याला एवढी किंमत आहे. पण तोंड माझंच बंद होतं." मग त्या विहिणीकडे वळल्या. "वदिनगारू, तुमच्या घरात खोटं चालत नाही. मी खोट्या जन्मगावाची मुलगी तुमच्या घरात दिली. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

माणिक्यांबांनी हातातल्या सुपाऱ्या तबकात ठेवल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. आता भडका उडणार म्हणून फणींद्र अर्धवट उठला.

"मला ठाऊक होतं," माणिक्यांबा म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"हेच. लग्न ठरायच्या आधीपासून." त्यांनी नजर सुपाऱ्यांवरच ठेवली होती. "तुम्ही मुलीची जन्मपत्रिका पाठवलीत, ती आमच्या सिद्धांतीगारूंनी मांडून बघितली. त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, अम्मा, पत्रिका उत्तम आहे, पण ही मुलगी विषुववृत्ताच्या खाली जन्मलीय. अक्षांश दक्षिण तेरा लिहिलेत. काकिनाडा तर उत्तरेला आहे."

पत्रिका विश्वनाथमांनी करवून घेतली होती. आईला खोटं लिहिलं, नगरपालिकेत खोटं लिहू दिलं, शाळेत खोटं लिहिलं, पण ज्योतिषाला खोटं गाव सांगायची त्या माणसाची छाती झाली नव्हती. लेकीचे ग्रह चुकतील ना! इंजिनियर माणूस, त्याने अक्षांशसुद्धा बिनचूक लिहून दिले होते.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" सुभद्रम्मांनी विचारलं.

"काय बोलायचं? छत्तीसातले तेहतीस गुण जुळत होते. मुलगी मला आवडली होती. तुम्ही लपवताय म्हणजे तुमची काहीतरी अडचण असेल, चारचौघांत तुम्हाला खाली मान का घालायला लावू? सिद्धांतीगारूंना सांगितलं, तुम्ही हे विसरा. त्यांनी माझा मान ठेवला." माणिक्यांबांचा आवाज इथे फुटला. "खोटं चालत नाही म्हणते मी, आणि बावीस वर्षं तेच सांभाळून बसले. पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतं तर माझ्याच पोराची रांग... बिंदू, तुझ्या आईला एकटीला बोल लावू नकोस. अर्धा मलाही लाव."

फणींद्र सावकाश खाली बसला. "थांबा, मला हिशेब लागू द्या," तो म्हणाला. "माझ्या सासूला माहीत. माझ्या आईला माहीत. तेनालीच्या ज्योतिषालाही माहीत. चौदा वर्षं हे फक्त मला, माझ्या बायकोला आणि अमेरिकेच्या सरकारलाच माहीत नव्हतं."

पहिली लास्या हसली. मग प्रसूना. मग माणिक्यांबा रडता रडता हसू लागल्या, आणि सुभद्रम्मांनाही ते आवरेना. दोघी विहिणी एकमेकींच्या खांद्याला धरून हसत होत्या, आणि एकीच्या हाताचं पीठ दुसरीच्या रेशमी पदराला लागत होतं.

"म्हणजे मी अर्धी आफ्रिकन आहे?" लास्याने विचारलं.

"अजिबात नाही," प्रसूना म्हणाली. "पण तुझ्या आईच्या जीवावर रांगेत पुढे घुसणार आहेस."

बिंदू मात्र हसली नव्हती. तिने केळीचा खुंट खाली ठेवला आणि ती मागच्या दाराने बाहेर गेली.

सुभद्रम्मांचं हसू ओठांवरच थांबलं. लेकीला आज ना उद्या राग येणार हे त्यांनी धरलंच होतं, पण तिची ती पाठमोरी चाल त्यांना सोसली नाही. त्या मागे निघाल्या तसा माणिक्यांबांनी त्यांचा हात धरला. "आता नको. जरा जाऊ द्या तिला. तोवर दाखल्याचं बघू. आहे का तो कुठे?"

"काकिनाड्यात, माझ्या बीरूव्याच्या कपाटात," सुभद्रम्मा म्हणाल्या. "यांनी एका पाकिटात ठेवलाय. टाकून द्या म्हटलं होतं मी. म्हणाले, असू दे."

"मग लावा फोन. तिकडे आता दहा वाजायचेत, माणसं जागी असतील."

शेजारच्या लक्ष्मीकांतमकडे किल्ली होती. प्रसूनाने फोन लावला. पडद्यावर आधी लक्ष्मीकांतमचं अर्धं कपाळ दिसलं, मग जिना, मग पोलादी कपाट. "डावीकडे ओढ, जोरात ओढ, ते अडकतं," सुभद्रम्मा ओरडून सांगत होत्या. "वरचा कप्पा नको गं, खालचा! त्या साड्या नीट धर, माझ्या लग्नाच्या आहेत त्या!" माणिक्यांबा त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणत होत्या, "पिशवीच्या आत बघायला सांगा, पुरुष माणसं पिशवीत पिशवी घालून ठेवतात." आणि खरोखरच पिशवीत पिशवी निघाली, तिच्यात पाकीट, आणि पाकिटात घडीवर पिवळा पडलेला एक कागद. लक्ष्मीकांतमने त्याचा फोटो काढून पाठवला.

प्रसूनाने तो मोठा करून पाहिला. "शिक्का आहे. नंबर आहे. हा खणखणीत दाखला आहे!" तिने भर दिवाणखान्यात खरोखरच एक उडी मारली. फणींद्रने लास्याला उचलायचा प्रयत्न केला, धोतर सुटायला लागलं, आणि त्याने तिला घाईघाईने खाली ठेवलं.

सुभद्रम्मांनी फोन प्रसूनाच्या हातातून घेतला आणि त्या बाहेर गेल्या. पाहुणे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पांगले होते आणि बिंदू गायीजवळ होती. ती गायीच्या मानेवरून हात फिरवत होती आणि डेल समजूतदारपणे दुसरीकडे बघत होता.

"मिळाला," सुभद्रम्मांनी फोन पुढे केला. "रागाव हवी तेवढी. पण एकदा बघ."

बिंदूने फोन घेतला. ती रकाने वाचत गेली. नाव. तारीख, बारा ऑक्टोबर. जन्मस्थान, लुआन्शा. मग तिचं बोट एका ठिकाणी थांबलं आणि तिने ती जागा मोठी केली. निळ्या शाईतली ती तिरकी सही तिने शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं पाहिली होती.

"अम्मा, हे काय लिहिलंय? 'माहिती देणार, वडील. जन्मवेळी हजर.'"

"हो, होतेच ना हजर."

"पण नान्ना तर म्हणायचे, मी तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू चार महिन्यांची होतीस."

"ते पत्रातलं गं. पत्रात तू काकिनाड्यात आणि ते तिकडे, मग चार महिनेच म्हणावं लागलं. पुढे तेच तोंडात बसलं." सुभद्रम्मांना आता रडू आवरत नव्हतं, आणि आवरायचंही नव्हतं. "खाणीतून तसेच आले होते, चेहरा काळा, डोक्यावर ती टोपी. सिस्टर म्वान्सा त्यांना आत येऊ देईना. म्हणाली, आधी हात धू. कोपरापर्यंत तीनदा धुवायला लावले तिने. मला शुद्ध नव्हती, मी तुला संध्याकाळी पाहिलं. तुला सगळ्यात आधी हातात घेतलं ते त्यांनीच."

बिंदूने त्या सहीवरून अंगठा फिरवला. "मला वाटायचं, माझ्या येण्याला ते नव्हते आणि त्यांच्या जाण्याला मी नव्हते," ती म्हणाली. "वाटायचं, फिटलं."

मग ती आईच्या गळ्यात पडली आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडली. दारात माणिक्यांबा, लास्या आणि प्रसूना उभ्या होत्या. प्रसूनाच्या हातात लॅपटॉप होता. पुरोहितांची गाडी समोर येऊन थांबत होती, पण तिला धीर नव्हता.

"वदिना, कच्चा मसुदा आत्ताच करून ठेवते," ती म्हणाली. "सोमवारी वकीलबाईंच्या टेबलावर पाहिजे. जन्मस्थान काय टाकू?"

बिंदूने आईच्या पदराने डोळे पुसले.

"लुआन्शा," ती म्हणाली. "आणि त्यात रकाना असेल तर लिही, वडील हजर होते."